ओपनस्ट्रीटमॅपवर गाव टाकणं म्हणजे म्हणे ‘फुकटची हमाली’

पांदणवाट
परवा कॉलेजच्या ग्रुपवर एका मित्राची पोस्ट आली. सारांश असा की ओएसएमवर, म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून भरलेल्या खुल्या नकाशावर, रस्ते काढत बसणं म्हणजे अमेरिकन कंपन्यांची फुकटची हमाली, गुगलवर सगळं आहे, शिकलेल्या माणसानं असले उद्योग करू नयेत. खाली तीस-चाळीस अंगठे. तिथं काही बोललो नाही कारण त्या ग्रुपात मेव्हणापण आहे, पण डोकं तापलंय म्हणून इथं लिहितो.

आमचं गाव पुरंदर तालुक्यात, दिवे घाट चढून वर आलं की पुढं. २०१६ ला पहिल्यांदा ओएसएम उघडलं तेव्हा गावाच्या नावाचा एक ठिपका आणि डांबरी रस्त्याची एक रेघ, बास. आठ वाड्या-वस्त्या गायब. दोन उन्हाळे मोटरसायकलवर जीपीएस चालू ठेवून हिंडलो, पांदण रस्ते, ओढ्यावरची मोरी, विहिरी, त्यातली पायऱ्यांची बारव कुठली आणि साधी कुठली, सगळं भरलं. वडील म्हणायचे, तलाठी झालास काय. आज नेट नसताना ऑरगॅनिक मॅप्स या ॲपमध्ये आमची वस्ती दिसते. पावसाळ्यात कुठली पांदण बंद पडते तेसुद्धा ओएसएमवर भरलंय.

आणि हमालीचं म्हणाल तर गुगलचं मॅप मेकर आठवा, लोकांकडून नकाशा भरून घ्यायचं. २००८ साली निघालं, आपल्या लोकांनी हौसेनं गल्लीबोळ भरले, २०१७ ला बंद. भरलेला माल गुगलच्या घरात. ओएसएमचा अख्खा डेटा मी आज रात्री डाउनलोड करून पेनड्राइव्हवर गावाला नेऊ शकतो. कंपनी वापरते, वापरू दे, लायसन्सप्रमाणे नाव द्यावं लागतं, त्यात भर घालून तो डेटाबेस बाहेर दिला तर तोही खुला ठेवावा लागतो. २०१२ पासून हाच नियम आहे.

शिवाय नावं. मशीननं इंग्रजीवरून उलटं मराठी केलं की दिवे घाटाचा डाइव्ह घाट होतो आणि काळेवाडीची केलवाडी. ळ तर कुणाच्या खिजगणतीत नाही. हे दुरुस्त करायला कॅलिफोर्नियातून कुणी येणार आहे का? आता पुढचं काम म्हणून आसपासच्या गडांवरच्या वाटा आणि कातळातली पाण्याची टाकी नकाशावर टाकायला घेतली आहेत. ज्याला हमाली वाटते त्यानं लांबून बघावं.

फुकटफौजदार
ती पोस्ट माझी नाही, पण खाली सही करायला तयार आहे.

२०२२ च्या डिसेंबरात ॲमेझॉन, मेटा, मायक्रोसॉफ्ट आणि टॉमटॉमनी मिळून ओव्हरचर नावाचा नकाशा-डेटाचा प्रकल्प काढला, त्यात ओएसएमचा डेटा जातोच. म्हणजे तुम्ही उन्हाळे घालवले आणि त्यावर यांचं दुकान. नाव द्यावं लागतं म्हणे! कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात. त्यानं पेट्रोलचे पैसे निघाले का?

दुसरं. मी पण उत्साहात अकाउंट काढलं होतं. सोसायटीसमोरची बावीस दुकानं टाकली, पाट्या वाचून, चपला झिजवून. दुसऱ्या दिवशी एका सीनियर मॅपरनं सगळी उडवली, वर इंग्रजीत प्रवचन, गुगलवरून कॉपी केलंय का म्हणून. राव, मी ‘श्री गणेश पिठाची गिरणी’ गुगलवरून कशाला कॉपी करीन, तिथनंच दळण आणतो. त्या दिवसापासून रामराम. कम्युनिटी कम्युनिटी म्हणता ती हीच का?

पांदणवाट
गिरणीचं वाईट झालं, मान्य. पण चेंजसेटला, म्हणजे एका वेळी केलेल्या बदलांच्या गठ्ठ्याला, सोर्स (माहिती कुठून आली ते) लिहिला होता का? तिथं ‘प्रत्यक्ष पाहणी’ एवढे दोन शब्द टाकले असते तर निम्मा वाद मिटला असता.

फुकटफौजदार
हो हो, चूक माझीच. फुकट काम करायचं आणि वर अर्ज पण नमुन्यात भरायचा.

शंकूसाखळी
मी चौतीस वर्षं मोजणी केली आहे. शंकू साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची म्हणजे सोळा भागांची, ती ओढत बांधाबांधानं फिरलोय. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, त्याचा एक गुंठा, हे ॲपवर समजत नाही. तुम्ही लोक घरात बसून बिंगच्या उपग्रह-फोटोवर रेघा मारणार. डोंगरउताराला तो फोटो कैक मीटर सरकलेला असतो आणि आमच्याकडे एक मीटर म्हणजे दोन पिढ्यांची कोर्टकेस. उद्या एखादा तुमचा नकाशा घेऊन भावकीत भांडायला उभा राहिला तर जबाबदार कोण?

आणखी एक. ओएसएम म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाची ओपन सिरीज मॅप. २००५ च्या नकाशा धोरणात ओपन सिरीज आणि डिफेन्स सिरीज अशा दोन होत्या. तुम्ही मंडळींनी नावसुद्धा ढापलं.

पांदणवाट
काका, ओपनस्ट्रीटमॅप २००४ चं. एका वर्षानं थोरलं आहे. कुणी कुणाचं ढापलं ते तुम्हीच ठरवा.

बाकी ओएसएमवर गट नंबर आणि मालकीच्या हद्दी टाकतच नाहीत. मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत मागायला लोक तुमच्याच ऑफिसात येणार, निश्चिंत राहा. फोटो सरकतो हे मात्र शंभर टक्के खरं, म्हणून तर जीपीएसचे ट्रॅक घेऊन आधी फोटो जागेवर आणायचा असतो. नवीन पोरं ते करत नाहीत आणि पगारी मॅपर तर अजिबात नाही. एका डिलिव्हरी कंपनीच्या माणसांनी आमच्या ओढ्याला रस्ता करून ठेवलं होतं. कोरडा ओढा वरून रस्त्यासारखा दिसतो हे कबूल, पण ट्रक आला ना वाळूत!

कंसातला_कंस
ओढा = रहदारीचा रस्ता, पावसाळ्यात वॉटरवे म्हणजे पाण्याचा प्रवाह. नकाशात दोन्ही टॅग लावा, सगळे खूश.

चिंचबन
पुरुष मंडळींचं झालं असेल तर बोलू का. मी पालघरकडच्या झेडपी शाळेत शिक्षिका. सहावी-सातवीच्या मुलांना घेऊन अकरा पाडे आणि विहिरी नकाशावर घेतल्या, क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये लावून ए-थ्रीवर प्रिंट काढली, ती ग्रामपंचायतीत लावली. मे महिन्यात टँकर कुठं कुठं जातो ते त्यावर खुणा करून ठरलं. कुठल्या कंपनीनं हे केलं असतं? सध्या त्यावर एलआयसीचं कॅलेंडर टांगलंय ते सोडा.

पण फौजदार अगदीच चुकीचं बोलत नाहीत. विहिरींची यादी आली ती जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टात. दीडशे ओळी परत टाइप केल्या. मग शेपफाइल या नकाशाच्या जुन्या फाइल प्रकारात टाकल्या तर सगळी प्रश्नचिन्हं. कॉलमच्या नावाला दहा बाइट, म्हणजे देवनागरीत तीन अक्षरं झाली की संपलं. जिओपॅकेज हा नवा फाइल प्रकार वापरा, एवढंच उत्तर होतं, पण ते मराठीत सांगणारं कुणी नाही आणि इंग्रजीत विचारायला मला दोन दिवस धीर गोळा करावा लागला. संमेलनं कुठं? २०१७ ला खुल्या नकाशा-सॉफ्टवेअरवाल्यांचं फॉसफोरजी-एशिया हैदराबादला, २०१८ ला ओएसएमवाल्यांचं स्टेट ऑफ द मॅप एशिया बंगळुरूला. शाळेतून रजा काढून जाणार कोण? ‘सगळ्यांना दार उघडं’ म्हणायचं आणि पायरी कमरेएवढी.

पांदणवाट
ताई, हे लागलं. पुढचं क्यूजीआयएसचं काही अडलं तर मला मराठीत विचारा, खरंच.

कारवीचं_झुडूप
हमाली-बिमाली राहू द्या. गडावरच्या वाटा आणि टाकी टाकणार म्हणालात ना, तिथं माझा सक्त आक्षेप.

एक धबधबा आहे, नाव सांगणार नाही. २०१० च्या सुमाराला आम्ही पाच-सहा जण जायचो, गुराख्याला विचारत. मग कुणा दीडशहाण्यानं ट्रॅक अपलोड केला. आता रविवारी पाय ठेवायला जागा नाही, बाटल्या, डायपर, स्पीकर, आणि खालच्या वाडीतल्या बायकांना पाण्याला जायची चोरी. तुम्ही ‘खुला डेटा’ म्हणता, भोगतं कोण? वाटाड्या घेऊन जा, त्याच्या घरी जेवा, चार पैसे त्याला मिळू देत. मोबाइल बघत सह्याद्री चढणाऱ्यांची मला चीड आहे.

पांदणवाट
गर्दी रील्सनं आणली, ओएसएमनं नाही. रविवारी नाचायला येणाऱ्यातल्या किती जणांच्या फोनवर ओस्मअँड हे ओएसएमवर चालणारं ॲप असेल? एकाच्या नसेल.

हरिश्चंद्रगडावर सप्टेंबरात आम्ही तिघं धुक्यात चुकलो. हात पुढं केला तर बोटं दिसत नव्हती, कोकणकडा कुठल्या बाजूला तेच कळेना. ओस्मअँडमधल्या ठिपक्यांच्या रेघेवर पाऊल पाऊल टाकत देवळापाशी आलो. ती रेघ ज्यानं काढली त्याचं नाव माहीत नाही, पण सोमवारी त्याच्या नावानं नारळ फोडला. वाटाडे घ्या म्हणणं सोपं आहे, धुक्यात कुठं शोधायचा वाटाड्या?

कारवीचं_झुडूप
ज्याला धुक्याचा अंदाज नाही त्यानं सप्टेंबरात गडावर जाऊच नये. तुमच्यासारख्यांना उतरवायला रात्री गावातलीच पोरं दोर घेऊन धावतात.

पांदणवाट
आणि तुमच्यासारख्यांना वाटा स्वतःच्या बापजाद्यांच्या वाटतात. तुम्ही गेलात तर भटकंती आणि बाकीचे गेले की गर्दी?

कारवीचं_झुडूप
बापजाद्यांवर जाऊ नका.

फुकटफौजदार
बघा, हीच ती कम्युनिटी.

चिंचबन
धागा कुठं होता, कुठं चाललाय. केरळच्या लोकांनी २०१८ च्या पुरात रात्रंदिवस बसून ओएसएमवर नकाशे भरले आणि आपण धबधब्यावरून भांडतोय.

शंकूसाखळी
मला या भानगडीत पडायचं नाही. पण १:५०,००० च्या टोपोशीटवर, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाच्या कागदी नकाशावर, पायवाटा आणि विहिरी पहिल्यापासून असतात. पुण्याची ४७ एफ/१४ काढून बघा. म्हणजे वाट नकाशावर असणं ही काही या पोरांची नवी चूक नव्हे. पोरांच्या इतर चुका पुष्कळ आहेत.

कारवीचं_झुडूप
टोपोशीट खिशात घालून जाणारा माणूस स्पीकर नेत नाही हो काका. फरक आहे.

पांदणवाट
जमिनीवर असलेली वाट गर्दी होते म्हणून पुसता येत नाही, तो नियम मी केलेला नाही. वनखात्याची बंदी असेल तर ॲक्सेस नो लावता येतं, वाट किती अवघड तेही सॅक स्केलमध्ये भरता येतं. तुमच्या धबधब्याचं नाव मला नको, पण उद्या कुणी काढलाच तर निदान ‘अवघड’ लिहायला कुणीतरी जाणतं माणूस पाहिजे ना? तो तुम्ही नाही तर कोण? बापजाद्यांचं मागे घेतो.

कारवीचं_झुडूप
मस्का नको. अकाउंट काढणार नाही.

फक्त तुमच्या प्रोफाइलवर जाऊन आमच्या बाजूच्या गडाचं टाकं बघितलं. बारमाही पिण्याचं पाणी म्हणून टाकलंय. साफ चूक. वरचं टाकं जानेवारीतच आटतं, पिण्याचं पाणी खालच्या बाजूला बुरुजाखाली आहे, तेही गाळून. तुमच्या नकाशावर विसंबून एप्रिलमध्ये कुणी गेला तर तहानेनं मरेल.

पांदणवाट
बरं झालं सांगितलंत. मी डिसेंबरात गेलो होतो, भरलेलं होतं. वरच्याला सीझनल केलं, पिण्याचं काढलं. खालचं बुरुजापासून किती अंतरावर?

कारवीचं_झुडूप
साठ-सत्तर पावलं, पूर्वेला. कारवीत लपलंय, सहज दिसत नाही. आणि माझं नाव कुठं टाकू नका.