भावाच्या बाइक अपघाताचा क्लेम : समोरच्या कारची विमा कंपनी आत्ताच सही मागतेय, करावी का?

नमस्कार. मोटर अपघाताच्या दाव्यांचा अनुभव असलेल्या कुणाचं तरी मार्गदर्शन हवं आहे, आणि जरा लवकर हवं आहे.

धाकटा भाऊ बाइकवरून सरळ चालला होता, समोरून येणाऱ्या कारने उजवीकडे वळताना त्याला उडवलं. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. पण नडगीचं हाड मोडलं, आत रॉड आहे, कुबड्या अजून सुटलेल्या नाहीत. रॉड काढायला पुढे आणखी एक ऑपरेशन लागू शकतं, असं डॉक्टर म्हणतात. एफआयआर कारचालकावर झाला आहे, पंचनामा आहे, कारचा विमाही चालू आहे.

त्या विमा कंपनीचे एक गृहस्थ सारखे फोन करतात. "कोर्टात गेलात तर वर्षं जातील, आपण आपसात मिटवू." त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर कागद पाठवला आहे. रक्कम आतापर्यंतच्या हॉस्पिटलच्या बिलांएवढी, आणि सहीच्या वर ओळ आहे की या अपघातापोटी आज किंवा पुढे कसलीही मागणी करणार नाही. मग दुसऱ्या ऑपरेशनचं काय? भाऊ वायरिंगची कामं करतो, शिडीवर चढल्याशिवाय त्याचं काम होत नाही. तो पुन्हा कधी चढेल हे आज कुणीच सांगू शकत नाही. घरचे म्हणतात, हातात येतंय ते घ्या. हप्ते थांबलेत, त्यामुळे त्यांचंही चूक म्हणवत नाही.

आणखी एक काळजी. फोनवर ते मधूनच विचारतात, "तसा तोही वेगातच असेल ना?" वडील भिडस्त, ते "असेल थोडा" म्हणून गेले. ते तर तिथे नव्हतेच! याचा पुढे त्रास होईल का? पगारपत्रक नाही, तर कमाई कशी दाखवायची? आणि आमच्या स्वतःच्या पॉलिसीतून बाइक दुरुस्त होतेय, तिथे सर्व्हेअरने हेडलाइट, मडगार्ड वगैरेचे निम्मेच पैसे धरलेत. हे बरोबर आहे का?

प्रतिसाद

ताई, सही अजिबात करू नका. उपचार चालू असताना असा कागद देणं म्हणजे दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च स्वतःच्या डोक्यावर घेणं.

मात्र थांबायचं म्हणजे नुसतं बसून राहायचं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालचा भरपाईचा अर्ज अपघातापासून ६ महिन्यांच्या आत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा असतो. ही मुदत १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. फोनवर "बघू, बोलू" करण्यात हेच महिने निघून जातात. उपचार पुरे होण्याची वाट बघायला नको, नंतरची बिलं पुराव्याच्या वेळी देता येतात. तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणातही अर्ज चालतो.

तडजोड वाईट नसते. कलम १४९ प्रमाणे कंपनीनेच प्रस्ताव द्यायचा असतो, आणि तो मान्य केला तर न्यायाधिकरणासमोर त्याची नोंद होते. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या कागदाला तो दर्जा नाही. अजून एक लक्षात ठेवा : कलम १६४ मध्ये कुणाची चूक हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात, पण ते स्वीकारले की १६६ चा दावा संपतो. तुमच्या भावाचं नुकसान त्याहून मोठं असू शकतं, म्हणून वकिलाशी बोलल्याशिवाय तिकडे वळू नका.

वडिलांच्या बोलण्याचं फार मनाला लावून घेऊ नका, ते प्रत्यक्षदर्शी नाहीत. मात्र यापुढे फोनवर अपघाताचा विषयच नको, "लेखी विचारा" एवढंच सांगा. भावाचीही थोडी चूक ठरली तर तेवढ्या प्रमाणात भरपाई कापली जाते, म्हणूनच तो वेगाचा प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय. कमाईसाठी बँक खात्याचा उतारा, यूपीआयने आलेले पैसे, कामाची बिलं आणि नेहमी काम देणाऱ्या एक-दोघांची साक्ष उपयोगी पडते.

प्रतिसाद

बाइकपुरतं सांगतो. पॉलिसीत झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कवच) नसेल तर प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरीवर ५० टक्के घसारा, म्हणजे भाग जुना झाल्याची कपात, लागतो, ती कपात नियमाने आहे. धातूच्या भागांवर मात्र गाडीच्या वयाप्रमाणे लागतो : पहिले ६ महिने शून्य, दुसऱ्या वर्षात १० टक्के, चौथ्यात २५. त्यांनी सरसकट निम्मं कापलंय का ते बघा आणि सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा. कंपनीकडे केलेल्या तक्रारीचं उत्तर ३० दिवसांत आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं, तिथे फी नाही. आणि पॉलिसीत मालक-चालकाचं वैयक्तिक अपघात कवच आहे का तेही पाहा. ते मृत्यू आणि ठरावीक कायमच्या अपंगत्वासाठी असतं, साध्या फ्रॅक्चरला नाही.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. घरी सगळ्यांना वाचून दाखवलं, सही थांबवली आहे. वकिलांना भेटतोय. अपंगत्वाचा दाखला आत्ताच काढायचा का?

प्रतिसाद

नाही ताई. हाड पूर्ण जुळून उपचार संपले की काढा, आत्ता काढलेला टिकणार नाही. दाखल्यावरची टक्केवारी फक्त पायाच्या अपंगत्वाची असते, कमाईचं नुकसान न्यायाधिकरण वेगळं ठरवतं. म्हणून शिडीवरच्या कामाचं अर्जात स्पष्ट लिहा. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि औषधांच्या मूळ पावत्या कुणालाही देऊ नका, मागतील त्यांना झेरॉक्स द्या.