मदत हवी आहे: विश्वारंभाच्या गणितातलं उलटं चिन्ह

नमस्कार मंडळी. 1982 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ व्हिलेन्किन यांनी विश्व 'शून्यातून' क्वांटम टनेलिंगने (पुरेशी ऊर्जा नसतानाही कणाने अडथळा पार करावा तसं) अवतरल्याची कल्पना मांडली. 1983 मध्ये हार्टल आणि हॉकिंग यांनी काल्पनिक काळ (काळाला √-1 ने गुणून) वापरून, आरंभाची सीमाच नसलेलं विश्व सुचवलं. इथवर कळतं. पण दोन्हीकडे व्हीलर-डीविट हेच समीकरण (अख्ख्या विश्वाच्या तरंगफलनाचं) असूनही संभाव्यतेच्या घातांकातलं चिन्ह उलटं येतं. त्यामुळे हार्टल-हॉकिंग यांचं गणित कमी इन्फ्लेशनच्या (आरंभीच्या अतिवेगवान प्रसरणाच्या) विश्वाला झुकतं माप देतं, व्हिलेन्किनचं जास्तीच्या. एका चिन्हाने केवढा घोळ! हे चिन्ह नेमकं कशाने ठरतं? निव्वळ सीमा-अटीने? 2017 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ टुरोक आणि सहकाऱ्यांनी दोन्हींवर आक्षेप घेतले, तो वाद पुढे कुठवर गेला? पदवीपुरतं क्वांटम झालंय, सामान्य सापेक्षता जेमतेम. त्या बेताने कुणी समजावेल का? समीकरणं चालतील, नुसत्या व्हिडिओच्या लिंका नकोत.