सीएसटीच्या फ्लॅश मॉबबद्दल

‘मुंबईकराला आधीच वेळ नाही, फ्लॅश मॉब दिसला की तो वैतागणारच’ असं एक मत वाचलं, ते सरसकट पटलं नाही. (फ्लॅश मॉब म्हणजे आधी ठरवून, पण गर्दीत अचानक नाचायला लागणारा घोळका.) २७ नोव्हेंबर २०११ चा सीएसटी स्टेशनातला (आताचं सीएसएमटी) व्हिडिओ पुन्हा बघा. ‘रंग दे बसंती’ सुरू होतं, आधी एकटीदुकटी मुलगी नाचते, मग गर्दीतून माणसं सुटून येत येत दोनशेच्या आसपास होतात. बघे काय करतात? कडं करून उभे राहतात आणि खिशातून मोबाईल काढतात. शिव्या घालताना कोणी दिसत नाही.

अर्थात तो रविवार होता, हे विसरू नका. सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास हेच केलं असतं तर डोंबिवली फास्टवाल्यांनी कोपरं मारूनच वाट काढली असती, आणि ते बरोबरही होतं! शिवाय २६/११ च्या हल्ल्याला आदल्याच दिवशी तीन वर्षं झाली होती, आणि तो हल्ला याच स्टेशनातही झाला होता. तिथे अचानक मोठा आवाज झाला की पोटात गोळा येणारे लोकही असणार. व्हिडिओत ते कुठून दिसणार?

माझा आक्षेप वेगळा आहे. हल्ली निम्मे फ्लॅश मॉब कुठल्यातरी प्रमोशनसाठी असतात. ते कळलं की लोक थांबत नाहीत, बाजूने सटकतात.