३५० फेकून द्यायचं का? स्वस्तातल्या ताकदीचा हिशेब

वुडवर्ड_७४

गेल्या आठवड्यात इथे, जुन्या अमेरिकन गाड्यांच्या फोरमवर, शेव्हरलेच्या ३५० इंजिनाबद्दल (३५० घनइंचाचं, म्हणजे ५.७ लिटर, आठ सिलिंडरचं) एक पोस्ट आली: “जुन्या ३५०वर पैसे घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. भंगारातून ट्रकचं ५.३ लिटरचं इंजिन उचला, बसवा, विषय संपला.” खाली ‘सहमत’ची रांग लागली. दोन दिवस गप्प बसलो, आता लिहितोच.

माझी ७४ची शेव्हरले नोव्हा आहे, इंजिन मूळचं ३५०. १९७० साली कॉर्व्हेट स्पोर्ट्स कारमधलं एलटी-१ (३५०चीच तगडी आवृत्ती) कागदावर ३७० हॉर्सपॉवरचं होतं. १९७५च्या कॉर्व्हेटमधलं साधं ३५० फक्त १६५चं. बोअर (सिलिंडरचा व्यास) तोच ४ इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) तोच ३.४८ इंच. मधल्या पाच वर्षांत कंप्रेशन (मिश्रण दाबायचं प्रमाण) उतरवलं, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) मवाळ केला, एक्झॉस्ट आवळला. शिवाय १९७२पासून मोजायची रीत बदलली. आधी नुसतं इंजिन बेंचवर मोजायचे, मग मफलर, एअर क्लीनर, अल्टरनेटरसकट मोजू लागले. ७२चं एलटी-१ २५५ वर दिसतं त्यात या बदलाचा मोठा वाटा आहे. हे न बघता “सत्तरच्या दशकातली इंजिनं मेलेली” म्हणणं मला सहन होत नाही.

आता पैशाचं. लोक आधी कॅम घेतात, कारण तो स्वस्त पडतो आणि आयडलला (नुसती उभी असताना) गाडी गुरगुरते. पण कंप्रेशन आठ असताना मोठा कॅम घातला की इंजिन खालच्या आरपीएमला मरतं. सिग्नलवरून मिनीव्हॅन पुढे निघून जाते. माझ्या मूळ हेडचं (सिलिंडरवरच्या झाकणाचं) चेंबर ७६ सीसी, पिस्टन खोलगट, अगदी वर आल्यावरही डेकच्या (ब्लॉकच्या माथ्याच्या) ०.०२५ इंच खाली. वर ०.०३९ इंचाचं गॅस्केट. गणित केलं तर कंप्रेशन जेमतेम ८. मी भंगारातून व्होर्टेक नावाची हेड आणली, १९९६पासूनच्या ट्रकची, कास्टिंग नंबरचे शेवटचे तीन आकडे ९०६. चेंबर ६४ सीसी. गॅस्केट ०.०१५ इंचाचं, पत्र्याचं. पिस्टनला हात न लावता कंप्रेशन साडेनऊच्या घरात गेलं.

मग त्याला शोभेल असा मध्यम कॅम, लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो ते) ०.४६ इंचाच्या आत. त्याच्या पुढे या हेडमध्ये स्प्रिंगचा रिटेनर व्हॉल्व्ह गाइडवर आदळतो, हे न वाचता कॅम घेणारे मी पाहिले आहेत. कार्ब्युरेटर ६०० सीएफएमचा (मिनिटाला इतके घनफूट हवा). ३५० घनइंच गुणिले ६००० आरपीएम, भागिले ३४५६ करा, ६०७ येतात, आणि तेही सिलिंडर पूर्ण भरले तर. ७५० घेऊन मिरवायची गरज नाही. मागचा अॅक्सल ३.०८ गिअर रेशोचा काढून ३.७३चा घातला. एकूण २,९०० डॉलर लागले, अॅक्सल धरून. मजुरी माझी. मागच्या चाकांवर २७० हॉर्सपॉवर मोजले. आता सांगा, घडा पालथा कुठे आहे?

भंगारप्रेमी

ती पोस्ट माझी आहे आणि मी एक शब्द मागे घेत नाही.

तुमच्या हिशेबात एक गोष्ट निसटली. पिस्टन खोलगट असेल तर क्वेंच (पिस्टन हेडला भिडताना मिश्रण ढवळलं जाणं) मिळतो फक्त कडेच्या पट्टीला. साडेनऊ कंप्रेशन कागदावर छान दिसतं, पण मिश्रण ढवळायला सपाट पिस्टन लागतो. सपाट पिस्टन म्हणजे इंजिन पूर्ण खोलायचं, बोअरिंग, रिंगा, बेअरिंग. मग २,९०० कुठे राहतात?

माझं ५.३ गिअरबॉक्ससकट ९०० डॉलरला मिळालं. ट्रकमध्येच २७०-२९५ हॉर्सपॉवर देतं, रोलर कॅम (ज्यावर लिफ्टर घासत नाहीत, चाकांवर फिरतात) आणि उत्तम हेड कंपनीतूनच. थंडीत किल्ली फिरवली की सुरू. तुमच्या व्होर्टेक हेडना इनटेकखालून (हवा आत नेणाऱ्या नळ्यांखालून) एक्झॉस्ट फिरवणारी वाटच नाही, मिशिगनच्या नोव्हेंबरात कार्ब्युरेटर गरम व्हायला किती वेळ लागतो ते पण लिहा.

वुडवर्ड_७४

इलेक्ट्रिक चोक आहे, चार मिनिटं लागतात. पिस्टनचा मुद्दा मान्य, पण ९१ ऑक्टेनच्या पेट्रोलवर गाडी नॉक करत (आतून ठोकत) नाही, दोन उन्हाळे झाले. आता तुम्ही सांगा: ९०० नंतर किती? वायरिंगचा हार्नेस, ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर), ५८ पीएसआय दाबाचा फ्युएल पंप, परतीची लाइन, ऑइल पॅन, माउंट, हेडर (एक्झॉस्टच्या नळ्या)? ते आकडे पोस्टमध्ये का नव्हते?

भंगारप्रेमी

ईसीयू आणि हार्नेस ७००. पंप आणि लाइन ३००. पॅन, माउंट, हेडर मिळून ९००. किरकोळ धरून ३,१००.

वुडवर्ड_७४

म्हणजे माझ्यापेक्षा दोनशे जास्त, अॅक्सल सोडून. “विषय संपला” म्हणे.

ह्यूस्टनची_ताई

दोघं आकडे मांडताय आणि ज्यावर माझं अख्खं इंजिन गेलं तो शब्द कोणीच काढत नाही. लिफ्टर, कॅमवर बसून व्हॉल्व्ह ढकलणारा तुकडा. दादा, तुमचा कॅम फ्लॅट टॅपेट, म्हणजे ज्यावर लिफ्टर थेट घासतो तसला, आहे ना? रोलर असता तर २,९००मध्ये झालंच नसतं.

माझी ७१ची शेव्हेल. नवा कॅम, नवे लिफ्टर, लोबवर (कॅमच्या उंचवट्यांवर) पेस्ट, झीज रोखणारं झिंकचं तेल. सुरू केल्यावर ब्रेक-इन, म्हणजे कॅम-लिफ्टर रुळवायला आयडल न करता २० मिनिटं २००० आरपीएमच्या वर. बाविसाव्या मिनिटाला एक सिलिंडर ठोकायला लागला. उघडलं तर दोन लोब गोल झालेले, आणि त्या लोखंडाची पूड प्रत्येक बेअरिंगमध्ये. क्रँक पॉलिश, बेअरिंग, ऑइल पंप, सगळं पुन्हा. सात महिने गाडी स्टँडवर. विकणाऱ्याने एका ओळीत उत्तर दिलं, “ब्रेक-इन चुकलं.” स्वस्तातलं इंजिन मला दोनदा बांधावं लागलं, आणि दुसऱ्यांदा बांधताना बाबा नव्हते. ती गाडी त्यांच्या आवडीची होती.

वुडवर्ड_७४

ताई, वाईट वाटलं. पण मी आजवर तीन फ्लॅट टॅपेट बसवले, एकही गेला नाही. ब्रेक-इनला व्हॉल्व्हच्या आतल्या स्प्रिंगा काढल्या होत्या का? तेल नक्की कुठलं होतं? बहुतेक वेळा चूक तिथेच असते.

ह्यूस्टनची_ताई

काढल्या होत्या. आणि तेलाचं मला शिकवू नका, मी पंधरा वर्षं वंगणाच्या प्रयोगशाळेत काम करते. फॉस्फरसने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) खराब होतो म्हणून तेलातलं झिंक-फॉस्फरस कमी करत नेलं. एपीआय एसएम हा तेलाचा दर्जा आला तेव्हा ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० सारख्या ग्रेडना फॉस्फरसची कमाल मर्यादा ०.०८ टक्के झाली. “डिझेलचं तेल टाका, पूर्वीसारखं असतं” म्हणणाऱ्यांनी सीजे-४ या डिझेल तेलाच्या दर्जाची मर्यादाही वाचावी, ०.१२ टक्के. आणि बाटल्याच्या बाटल्या झिंक ओतलं म्हणून लोब वाचत नाही. तुमचे तीन टिकले म्हणजे माझी चूक, हे कुठलं शास्त्र?

भंगारप्रेमी

हेच तर मी म्हणतोय! रोलर असता तर हा प्रश्नच आला नसता.

ह्यूस्टनची_ताई

माझ्या नुकसानावर तुम्ही तुमचं ५.३ विकू नका. मला त्या गाडीत तेच इंजिन हवं होतं.

शिरोलीकर

पोरांनो, जरा दमानं घ्या. मी शिरोली एमआयडीसीत एकतीस वर्षं बोअरिंग-होनिंग केलं, आता सहा महिन्यांसाठी कोलंबसला पोराकडं आलोय. त्याच्या गॅरेजात असलंच ३५० खोलून पडलंय, त्यामुळं हे सगळं वाचून काढलं.

ताई, लिफ्टर नुसता वर-खाली जात नाही, तो गरगर फिरला पाहिजे. लोबला एका बाजूला किंचित उतार असतो आणि लिफ्टरच्या तळाला डोळ्याला न दिसणारा फुगवटा. त्यामुळं तो फिरतो आणि झीज एका जागी बसत नाही. फिरला नाही तर कसलंही तेल घाला, काही मिनिटांत लोब जातोय. नवीन लिफ्टर दोन घ्यायचे, तळाला तळ लावून धरायचे. किंचित डुलले तर ठीक. मिठी मारल्यागत चिकटले तर परत करायचे. पोरानं आणलेल्या सोळातले तीन असेच निघाले. मग कोरड्या बोअरात लिफ्टर आपल्या वजनानं खाली उतरतोय का बघायचं. सुरू केल्यावर एकेका बाजूचं कव्हर काढून पुशरॉड (लिफ्टरवरच्या काठ्या) फिरतायत का बघायचं, त्यावर मार्करनं रेघ मारून ठेवायची.

आणि नोव्हावाले, तुमच्या पत्र्याच्या गॅस्केटाबद्दल. ते सपाटीची चूक माफ करत नाही. ब्लॉकवर स्टीलपट्टी आडवी, उभी, तिरपी लावून फीलर गेज घातला होता का? तुमच्या आकड्यांत मोजणीचा एकही आकडा दिसला नाही. आम्ही पार्टला हात लावायच्या आधी मायक्रोमीटर घ्यायचो.

वुडवर्ड_७४

काका, पट्टी लावली होती, पण फक्त लांबीत. तिरपी नाही. दोन उन्हाळे पाणी गळलं नाही एवढंच सांगू शकतो. लिफ्टरची ही परीक्षा मला माहीत नव्हती. तीन टिकले त्यात माझं कौशल्य किती, ते आता सांगता येत नाही. ताई, तेलाबद्दल जे बोललो ते मागे घेतो.

ह्यूस्टनची_ताई

ठीक आहे. काका, फुगवट्याची तपासणी मीही केली नव्हती. डबा नवा होता, विश्वास ठेवला. गेलेले दोन लिफ्टर ठेवलेत, आज रात्री पट्टी लावून बघते.

सॅन_होजे_७७

तुम्ही सगळे ७४, ७१वाले. माझी ७७ची कॅमॅरो आहे, आणि कॅलिफोर्नियात ७६पासून पुढच्या गाडीला दर दोन वर्षांनी स्मॉग, म्हणजे धुराची तपासणी. हुड उघडून बघतात. इनटेकवर ईओ (सरकारी मान्यतेचा) नंबर नसेल तर नापास. व्होर्टेक हेड, हेडर, नवा कॅम, सगळं माझ्यासाठी स्वप्न. उलट ५.३ त्याच्या मूळ कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि सेन्सरसकट बसवलं, रेफरीकडून (सरकारने नेमलेल्या तपासनिसाकडून) तपासून घेतलं, तर कायदेशीर चालतं. जो तो “स्वस्त” म्हणताना आपल्या राज्याचा स्वस्त सांगतो. मी चार वर्षं गाडी ताडपत्रीखाली ठेवली आहे, त्याचा हिशेब कोण करणार?

भंगारप्रेमी

नोंद घ्यावी.

वुडवर्ड_७४

घेतली. कॅलिफोर्नियात, ७६पासूनच्या गाडीला, ५.३. तेवढंच.

ग्रँड_रॅपिड्स_नवखा

मध्येच विचारतो. आमच्या इथल्या यार्डात ९७ची सबर्बन आहे, पूर्ण ५.७ व्होर्टेक, आत रोलर कॅम. माझी ७३ची नोव्हा. नुसती हेड काढण्यापेक्षा अख्खं इंजिनच उचललं तर? ४०० डॉलर सांगतोय.

भंगारप्रेमी

उचल. ५.३ नाही, पण यात ताईंना रडवणारा प्रकार तरी नाही.

वुडवर्ड_७४

मलाही हे आधी सुचायला हवं होतं. ब्लॉक ३५०च, त्यामुळे माउंट, हेडर, गिअरबॉक्स सगळं तुझं जुनं बसेल. पण चार गोष्टी बघ. याच्या क्रँकचं मागचं सील अखंड आहे, त्यामुळे फ्लेक्सप्लेट (क्रँक गिअरबॉक्सला जोडणारी चकती) याचीच घ्यायची, ७३चीचे बोल्टच जुळत नाहीत. इनटेक आठ बोल्टचा, व्होर्टेकचाच. डिस्ट्रिब्युटरचा गिअर रोलर कॅमला चालणारा, जुना लोखंडी गिअर झिजून जातो. आणि मेकॅनिकल फ्युएल पंपाची जागा बऱ्याच ब्लॉकांत मशीन केलेली नसते, नसेल तर इलेक्ट्रिक पंप धर. मूळ ट्रकमध्ये हे २५५ हॉर्सपॉवर देत होतं. कॅम नंतर बदल, आधी हेडर आणि अॅक्सल.

शिरोलीकर

आणि हेड बरेचदा तडकलेली असतात ही. यार्डात असतानाच सगळे प्लग काढ, एखादा धुतल्यासारखा स्वच्छ दिसला तर तिथं पाणी जातंय. ऑइल कॅपखाली ताकासारखा फेस आहे का बघ. बॅटरी घेऊन जा, आठही सिलिंडरचं कंप्रेशन मोज आणि कागदावर लिही.

ग्रँड_रॅपिड्स_नवखा

शनिवारी सकाळी जातोय. कंप्रेशन गेज कोणाकडे आहे का इथे जवळपास?

भंगारप्रेमी

माझ्याकडे आहे. मी लान्सिंगला असतो, येतो घेऊन.

ह्यूस्टनची_ताई

काका, बघितलं. दोन्ही लिफ्टर पट्टीखाली खोलगट झालेत, मूळचे कसे होते ते आता कळणं शक्य नाही. पण त्याच डब्यातला एक न वापरलेला उरला होता. तो सपाट आहे. उजेड जातच नाही.