शहरव्यापी आरोग्य मोहीम: लोकांचे वजन मोजावे की पदपथ बांधावेत?

प्रश्न: प्रभागवासी

सर्वांना नमस्कार. आमच्या शहरात येत्या जानेवारीपासून नागरिकांसाठी आरोग्य मोहीम सुरू व्हायची आहे आणि तिच्या आखणीसाठी नेमलेल्या नागरिक समितीत मी आहे. पहिल्या बैठकीत असा प्रस्ताव आला की प्रत्येकाने संकेतस्थळावर नाव नोंदवून आपले वजन भरावे, सहा महिन्यांनी पुन्हा भरावे, आणि सर्वांचे मिळून एक लाख किलो वजन उतरले की मोहीम यशस्वी झाल्याचे जाहीर करावे.

प्रस्ताव मांडणाऱ्यांनी अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटीचा दाखला दिला. तेथील महापौर मिक कॉर्नेट यांनी ३१ डिसेंबर २००७ रोजी प्राणिसंग्रहालयातील हत्तींसमोर उभे राहून ‘हे शहर आता डाएटवर जात आहे’ असे जाहीर केले आणि दहा लाख पौंड, म्हणजे सुमारे साडेचार लाख किलो वजन उतरवण्याचे उद्दिष्ट ठेवले. जानेवारी २०१२ मध्ये ते पूर्ण झाले. सुमारे ४७ हजार लोकांनी नोंदणी केली होती, म्हणजे दर माणशी सरासरी साडेनऊ किलोंहून अधिक.

आकडा मोठा आहे आणि समितीतील लोकांचा उत्साह खरा आहे, त्यामुळे केवळ विरोध म्हणून विरोध करण्याची माझी इच्छा नाही. परंतु आमच्या भागात शाळेपासून मंडईपर्यंतचा पदपथ जेमतेम दोन फूट रुंद आहे, त्यातली निम्मी जागा विजेच्या डीपीने अडवली आहे, आणि साठी उलटलेल्या बायका भाजीची पिशवी घेऊन वाहनांच्या मधून चालतात. त्यांना ‘रोज चाला’ असे फलकावर लिहून सांगताना मला संकोच वाटतो. ओक्लाहोमा सिटीत नेमके काय घडले, हे कोणी जवळून पाहिले आहे काय? आणि आम्ही समितीत काय मागावे?

उत्तर १: परदेशस्थ

मी २००६ ते २०१३ या काळात नोकरीनिमित्त तेथे होतो. लोकांनी आपले वजन स्वतःच संकेतस्थळावर भरायचे होते, त्यामुळे त्या दहा लाख पौंडांकडे काटेकोर मोजमाप म्हणून पाहू नये. ओक्लाहोमा राज्यातील प्रौढांमधील लठ्ठपणाचे प्रमाण आजही अमेरिकेतील सर्वाधिक प्रमाणांपैकी एक आहे, हेही तुमच्या समितीला सांगावे.

तरीही मोहीम वाया गेली असे मी म्हणणार नाही. एका नियतकालिकाने अमेरिकेतील सर्वांत लठ्ठ शहरांच्या यादीत त्या शहराचे नाव घातले होते, आणि महापौरांनी स्वतःची उंची व वजन सरकारी संकेतस्थळावर भरून पाहिले तेव्हा तेही लठ्ठ ठरले. हे त्यांनी लपवले नाही. आधी स्वतः सुमारे ४० पौंड वजन कमी केले आणि मग शहराला हाक दिली. त्यानंतर कार्यालयांत आणि चर्चमध्ये गट तयार झाले, आणि ज्या विषयावर कोणी उघडपणे बोलत नसे तो जेवणाच्या टेबलावर आला.

त्या बोलण्यातूनच शहराच्या रचनेचा प्रश्न पुढे आला, आणि मला वाटते की खरे काम तेथे झाले. सगळे शहर मोटारींसाठी बांधलेले होते. मला स्वतःला चालायला जायचे तर आधी गाडी काढून हेफनर तलावापर्यंत जावे लागे, कारण घरासमोर पदपथच नव्हता. ८ डिसेंबर २००९ रोजी मतदारांनी ‘मॅप्स ३’ या योजनेला मंजुरी दिली. एका डॉलरच्या खरेदीवर एक सेंट असा ठरावीक मुदतीचा विक्रीकर, त्यातून ७७.७ कोटी डॉलर, आणि त्या पैशांतून ७० एकरांचे मध्यवर्ती उद्यान, पायवाटा, पदपथ, ज्येष्ठ नागरिकांसाठी आरोग्य केंद्रे आणि ट्राम. कर्ज काढलेले नव्हते. अर्थात लोकांनी कर स्वीकारला तो केवळ डाएट मोहिमेमुळे नव्हे. १९९३ साली मंजूर झालेल्या पहिल्या ‘मॅप्स’ योजनेतील कामे त्यांच्या डोळ्यांसमोर उभी होती, म्हणून त्यांचा विश्वास होता. तुमच्याकडे असा विश्वास नसेल, तर आधी एकच रस्ता नीट करून दाखवणे शहाणपणाचे ठरेल.

उत्तर २: कुटुंबवैद्य

मी बावीस वर्षे वैद्यकीय व्यवसाय करीत आहे आणि वजनाच्या या स्पर्धेला माझा स्पष्ट विरोध आहे.

आपल्या लोकांच्या बाबतीत वजनाचा काटा बऱ्याचदा फसवतो. पुण्यातील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले होते. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे दाखवणारा आकडा, २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. म्हणजे काट्यावर सडपातळ दिसणारा आपल्याकडचा माणूस आतून मधुमेहाच्या वाटेवर असू शकतो, आणि तुमचे संकेतस्थळ त्याला ‘आपले वजन योग्य आहे’ असे सांगून निश्चिंत करील. त्यापेक्षा कमरेचा घेर मोजावा. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते. त्यासाठी लागते ती शिंप्याकडची मोजपट्टी. सोबत रक्तदाब तपासावा, आणि तो वाढलेला आढळला तर त्या व्यक्तीला कोणत्या दवाखान्यात कधी यायचे हे तेथेच लिहून द्यावे. नुसती तपासणी करून लोकांना घरी पाठवणे मला पटत नाही.

दुसरी भीती अधिक गंभीर आहे. मुदतीच्या आत वजन उतरवायचे म्हटले की लोक उपाशी राहतात. मधुमेहाची काही औषधे घेणारा रुग्ण जेवण टाळू लागला, तर त्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. शिवाय तुमच्याच शहरात, डोक्यावर पाटी घेऊन फिरणाऱ्या आणि अंगात रक्त कमी असलेल्या बाईला वजन वाढवण्याची गरज आहे. एक लाख किलोंच्या हिशेबात तिला जागा कोठे आहे?

प्रभागवासी

डॉक्टरसाहेब, हा शेवटचा मुद्दा बैठकीत कोणाच्याही मनात आला नव्हता, माझ्याही नाही. मनापासून आभार. काही सदस्यांनी वर्षातून एक रविवार मुख्य रस्ता वाहनांसाठी बंद ठेवण्याचेही सुचवले आहे. त्याचा उपयोग होतो काय? आणि आहाराबाबत काय करावे?

उत्तर ३: सायकलस्वार

वर्षातून एक दिवस पुरेसा नाही. पुण्यात डिसेंबर २०२१ मध्ये लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन साजरा झाला. अशा दिवसामुळे रस्ता मोकळा असला तर कसा वाटतो हे लोकांना कळते, पण एका दिवसाने पायांना सवय लागत नाही. कोलंबियातील बोगोटा शहरात १५ डिसेंबर १९७४ रोजी सायकलप्रेमी नागरिकांनी रस्ते वाहनांपासून मोकळे करून घेतले. पुढे ते काम शहर प्रशासनाने हाती घेतले, आणि आज प्रत्येक रविवारी व सुट्टीच्या दिवशी सकाळी ७ ते दुपारी २ या वेळेत १२० किलोमीटरहून अधिक रस्ते चालणाऱ्यांचे आणि सायकलस्वारांचे असतात. १९९५ पासून मोकळ्या जागांत विनामूल्य सामूहिक व्यायामवर्गही होतात. तुम्ही एक किलोमीटरच घ्या, पण दर रविवारी घ्या.

आहाराबाबत फिनलंडमधील नॉर्थ कॅरेलिया या प्रांताचे उदाहरण पाहावे. तेथे मध्यमवयीन पुरुष हृदयविकाराने मोठ्या संख्येने मरत होते. लोकांनीच सरकारकडे मदत मागितली आणि १९७२ साली डॉ. पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली प्रकल्प सुरू झाला. ‘मार्था’ या गृहिणींच्या संघटनेने गावोगावी कमी मिठाचे, लोण्याऐवजी वनस्पती तेलाचे पदार्थ शिजवून खाऊ घातले, आणि प्रक्रियायुक्त पदार्थ बनवणाऱ्यांनाही मीठ व चरबी कमी करायला लावले. सुमारे चार दशकांत त्या वयोगटातील पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. धूम्रपान कमी होण्याचाही त्यात मोठा वाटा होता.

आपल्याकडे हे काम महिला बचत गट करू शकतील. पापड, लोणची आणि चटण्या त्यांच्याच हातून घराघरांत जातात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभरही नाही, इतके मीठ सुचवते. पापडातले मीठ हळूहळू कमी करत नेले तर खाणाऱ्याच्या जिभेलाही ते अंगवळणी पडते.

प्रभागवासी

मंगळवारच्या बैठकीत मी वजनाच्या उद्दिष्टाऐवजी शाळा ते मंडई हा एक पदपथ, दर रविवारी सकाळी एक किलोमीटर मोकळा रस्ता, आणि कमरेचा घेर व रक्तदाब यांची तपासणी अशी मागणी लेखी मांडणार आहे. बचत गटांशी आधी स्वतः बोलेन. डॉक्टरसाहेब, आशा सेविकांना भरता येईल असा एका पानाचा तपासणी तक्ता आपण येथे सुचवू शकाल काय? सोमवारी रात्रीपर्यंत मिळाल्यास त्याच्या प्रती काढून नेता येतील.