शेवटचं आवळणं गाडी चाकांवर असतानाच

गाडीचे मागचे शॉक (शॉक अॅब्झॉर्बर, म्हणजे धक्के शोषणारे दांडे) कसे बदलायचे, यावर इथे चर्चा चाललीय. ते जोडीनेच बदलायचे, हे वर म्हटलंय ते अगदी बरोबर. पण ‘गाडी जॅकवर असतानाच सगळे बोल्ट पूर्ण आवळून टाका’ हे मला पटत नाही. शॉकच्या खालच्या डोळ्यात, म्हणजे बोल्ट जातो त्या कडीत, रबरी बुश (आत नळी असलेलं रबराचं अस्तर) असतो. बोल्ट आवळला की त्याची आतली लोखंडी नळी जागीच घट्ट पकडली जाते, आणि पुढची सगळी हालचाल रबर पिळूनच होते. चाक लोंबकळत असताना आवळलं, तर गाडी खाली आल्यावर ते रबर कायम पिळलेलंच राहतं. मग नवाकोरा बुश लवकर फाटतो, आणि शॉक बदलूनही खडखड सुरू! मी बोल्ट आधी बेताचेच बसवतो, गाडी चाकांवर उतरवून मागून चार वेळा दाबतो आणि मगच टॉर्क पाना (ठरावीक जोराने आवळायचा पाना) लावतो, मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे. खाली हात पोचत नसेल तर मागची चाकं रॅम्पवर चढवून, पुढच्या चाकांना ठोकळे लावून हे करता येतं.

आणखी एक, जे इथे कुणी लिहिलेलं नाही. बऱ्याच गाड्यांत अ‍ॅक्सल (मागची चाकं जोडणारा आडवा दांडा) किती खाली जाईल हे शॉकच अडवून धरतो. तो काढायच्या आधी अ‍ॅक्सलखाली दुसरा जॅक हवाच, नाहीतर ब्रेकचा होज (रबरी नळी) ताणला जातो, कॉइल स्प्रिंगही जागेवरून निसटू शकते. आणि गाडी स्टँडवर, म्हणजे तिचं वजन पेलणाऱ्या पक्क्या टेकूंवर हवी. नुसत्या जॅकच्या भरवशावर कृपया कुणी खाली शिरू नका.