ब्राउझरचे सुरक्षा-अपडेट वापरकर्त्याला न विचारता बसावे का?

उत्तररात्र (चर्चाप्रस्ताव)

सप्टेंबर २०२३ मधील एका प्रकरणावरून हा विषय मांडतो आहे. टोरंटो विद्यापीठातील सिटिझन लॅब आणि अॅपलची सुरक्षा-तुकडी यांनी ६ सप्टेंबरला गुगलला एक त्रुटी कळवली. वेबपी प्रकारची चित्रे उलगडून दाखवणाऱ्या लिबवेबपी या लायब्ररीत, म्हणजे अनेक प्रोग्रॅम वापरतात अशा तयार कोडच्या संचात, ती होती. दर्जा न घटवता दाबलेल्या वेबपी चित्रात हफमन पद्धतीचे, म्हणजे माहिती कमी जागेत बसवण्यासाठीचे, तक्ते असतात. त्यांना जास्तीत जास्त किती जागा लागेल हे लायब्ररीने आधीच ठरवून ठेवले होते, मात्र तक्ता नीट आहे की नाही याची पुरती तपासणी तो मेमरीत लिहिल्यानंतर होत असे. त्यामुळे मुद्दाम बिघडवलेले चित्र समोर आले, की राखलेल्या जागेच्या बाहेर लिहिले जाई आणि तेथूनच हल्लेखोराला आत शिरता येई. क्लिक करण्याचीही गरज नव्हती, चित्र असलेले पान उघडले की पुरे. गुगलने ११ तारखेला क्रोमची दुरुस्त आवृत्ती दिली, मोझिलाने १२ तारखेला फायरफॉक्स ११७.०.१ दिली. या त्रुटीचा प्रत्यक्ष गैरवापर होत असल्याचे गुगलने दुरुस्ती देतानाच सांगितले होते.

माझे म्हणणे पुढच्या टप्प्याबद्दल आहे. क्रोम ज्यावर उभे आहे त्या क्रोमियमचा कोड सर्वांसाठी खुला आहे. दुरुस्ती तेथे नोंदली गेली, की जुना आणि नवा कोड शेजारी ठेवून भोक नेमके कोठे होते हे जाणकाराला शोधता येते. बहुसंख्य लोकांनी अपडेट घेईपर्यंत गुगल त्रुटीचा तपशील झाकून ठेवते, पण कोडमधील बदल झाकता येत नाही. म्हणून दुरुस्ती तयार होणे आणि ती लोकांपर्यंत पोहोचणे यांतील अंतर कमी करण्याची धडपड चालते, आणि त्याचसाठी ऑगस्ट २०२३ मध्ये, ११६ व्या आवृत्तीपासून, क्रोमने सुरक्षा-दुरुस्त्या दर आठवड्याला देण्यास सुरुवात केली. एवढे करूनही वापरकर्ता ‘नंतर’ हे बटण दाबून महिनाभर जुन्याच आवृत्तीवर राहत असेल, तर दुरुस्तीची माहिती त्याच्याआधी हल्लेखोराच्या उपयोगी पडते.

म्हणून घरगुती वापरकर्त्याला सुरक्षा-अपडेट नाकारण्याचा पर्यायच नसावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्राउझर ताब्यात गेला, की त्यात उघडे असलेले ईमेल-खातेही जाते आणि त्या खात्यावरून पुढचे सापळे नातेवाइकांना व सहकाऱ्यांना पाठवले जातात. हा धोका एकट्यापुरता राहत नाही, त्यामुळे निर्णयही एकट्याचा राहू नये.

सायंतारा

प्रस्तावातील तांत्रिक भाग मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. माझ्याकडे तालुक्याच्या गावातील एका पतसंस्थेच्या संगणकांची देखभाल आहे. तेथील सर्व कामकाज ब्राउझरमधून चालते. एका मार्चअखेरीस ब्राउझर रात्रीतून बदलला आणि सकाळी पासबुक-छपाईची खिडकी उघडेना. काउंटरसमोर रांग लागलेली, छपाईयंत्र चालू, कागद लावलेला, आणि पडद्यावर काहीच येत नाही. संगणकप्रणाली पुरवणाऱ्या कंपनीकडून दुरुस्ती येईपर्यंत कर्मचाऱ्यांनी पासबुकातील नोंदी हाताने लिहिल्या. तुमच्या लेखी हे अपडेट यशस्वी होते, कारण ते कोणालाही न विचारता बसले.

हे आमच्यापुरतेच आहे असे समजू नये. नोव्हेंबर २०१९ मध्ये गुगलने क्रोममधील एक प्रायोगिक सुविधा दूरवरून सुरू केली. त्यामुळे सिट्रिक्ससारख्या व्यवस्थेत एकाच सर्व्हरवर अनेक जण काम करतात अशा कार्यालयांमध्ये क्रोमचे टॅब एकाएकी कोरे पांढरे दिसू लागले. संगणक-विभागांना कारण कळेना, कारण त्यांनी स्वतः काहीही बदललेले नव्हते. आक्षेप आल्यावर गुगलने तो बदल मागे घेतला.

याहून मोठी तक्रार अशी, की सुरक्षेच्या दुरुस्त्या आणि कंपनीच्या सोयीचे बदल एकाच पुडीत येतात. क्रोमने विस्तारांसाठी (ब्राउझरला जोडायच्या पूरक साधनांसाठी) मॅनिफेस्टची, म्हणजे त्यांना काय करता येईल हे ठरवणाऱ्या चौकटीची, तिसरी आवृत्ती सक्तीची केली आणि २०२४ पासून जुन्या पद्धतीचे विस्तार टप्प्याटप्प्याने बंद पाडले. युब्लॉक ओरिजिनसारखा जाहिरातरोधक मूळ रूपात त्यातच गेला. फसव्या जाहिराती अडवणारे ते साधन माझ्या दृष्टीने सुरक्षेचेच होते. ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार काढून घेतल्यावर अशा बदलांना विरोध करायचा कसा, याचे उत्तर प्रस्तावात नाही.

उत्तररात्र

सायंतारा, पासबुकांचा प्रसंग गंभीर आहे आणि मी तो किरकोळ मानत नाही. मात्र २०१९ चे उदाहरण या चर्चेत बसत नाही. ते सुरक्षा-अपडेट नव्हते. बाहेरून कळ फिरवून सुरू केलेला तो प्रयोग होता. तशा प्रयोगांना कार्यालयांत पूर्ण मनाई असावी, याबाबत आपले एकमत आहे.

पुडीचा मुद्दा खरा आहे, पण तिच्यातून दुरुस्ती वेगळी काढता येते. फायरफॉक्सची ईएसआर (एक्स्टेंडेड सपोर्ट रिलीज) ही लांब मुदतीची आवृत्ती २०१२ पासून हेच करते. सुमारे वर्षभर तिची वैशिष्ट्ये जैसे थे राहतात आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या नियमित येत राहतात. क्रोमनेही सप्टेंबर २०२१ पासून संस्थांसाठी आठ आठवड्यांची लांबवलेली स्थिर शाखा ठेवली आहे, तिच्यातही मधल्या काळातील महत्त्वाच्या सुरक्षा-दुरुस्त्या येतात. पतसंस्थेसाठी अशी शाखा निवडणे मला रास्त वाटते. अपडेटच थोपवून धरणे हा वेगळा निर्णय आहे, आणि ठेवीदारांच्या पैशाशी संबंध असलेल्या जागी तो कसा घेता येईल, हे मला उमगत नाही.

पांदण

‘विचारावे की न विचारता बसवावे’ या वादात एक गोष्ट दोघांच्याही नजरेतून सुटते आहे. क्रोमचे अपडेट आजही बहुतेक घरांत न विचारताच उतरते. पण जुनी आवृत्ती चालूच असते, आणि ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडेपर्यंत नवी लागू होत नाही. हल्ली संगणक बंद कोण करतो? लॅपटॉपचे झाकण मिटले जाते, सकाळी उघडले जाते, कालचे तीस टॅब जागच्या जागी असतात. उजव्या कोपऱ्यातील अपडेटची खूण दिवसांगणिक हिरव्याची नारिंगी आणि नारिंगीची लाल होते, तरी टॅब जातील या भीतीने तिला कोणी हात लावत नाही. दुरुस्ती डिस्कवर येऊन पडलेली असते आणि तरीही भोक उघडेच असते.

दुसरी बाब ज्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोहोचतच नाही त्यांची. विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती, फेब्रुवारी २०२३ मधील ११० पासून ती यंत्रे वगळली गेली. अँड्रॉइड ७ चे फोन क्रोमच्या १२० व्या आवृत्तीपासून वगळले गेले. हे संगणक आणि फोन भंगारात गेलेले नाहीत, मुलांच्या अभ्यासाला आणि फॉर्म भरायला ते वापरले जातात. मोझिलाने फायरफॉक्स ११५ ईएसआरची मुदत जुन्या विंडोजसाठी एकाहून अधिक वेळा वाढवली, याचे श्रेय तिला द्यायला हवे. मायक्रोसॉफ्टनेही एकदा असे केले आहे. विंडोज एक्सपीचे सहाय्य ८ एप्रिल २०१४ ला संपले, त्याच महिन्याअखेरीस इंटरनेट एक्सप्लोररमधील त्रुटीवर हल्ले सुरू असल्याचे उघड झाले, आणि १ मे रोजी निघालेली दुरुस्ती एक्सपीलाही देण्यात आली. म्हणजे मनात आणले तर हे जमते. सक्ती करायचीच असेल, तर आधी किती वर्षे दुरुस्ती पुरवणार याची सक्ती कंपन्यांवर व्हावी.

चौकट

पांदण यांच्याशी सहमत. एक पुरवणी जोडतो. लिबवेबपीची त्रुटी प्रथम केवळ क्रोमच्या नावावर नोंदली गेली. प्रत्यक्षात इलेक्ट्रॉन या अॅप-बांधणीच्या साधनावर बांधलेल्या कित्येक डेस्कटॉप अॅप्सच्या पोटात क्रोमियमच असते, म्हणून तीही असुरक्षित होती आणि प्रत्येक अॅपला आपापली दुरुस्ती काढावी लागली. पुढे लायब्ररीच्या नावाने वेगळा सीव्हीई क्रमांक (सुरक्षा-त्रुटीचा सार्वजनिक नोंदक्रमांक) दिला गेला, तोही दुबार म्हणून रद्द झाला. ब्राउझर अद्ययावत केला म्हणून निर्धास्त झालेल्या कार्यालयात गप्पांचे किंवा बैठकीचे अॅप कोणत्या आवृत्तीवर आहे, हे कोणी पाहिले होते?

सायंतारा

ईएसआरची सूचना मला मान्य आहे, तशी चाचणी सुरू करतो. तरीही वेळ ठरवण्याचा अधिकार मी सोडणार नाही. सुरक्षेची म्हणून आलेली दुरुस्तीही कधीकधी मोडतोड करते. न विचारता झालेल्या बदलाने काय होते ते मार्च २०२१ मध्ये दिसले: अँड्रॉइडच्या वेबव्ह्यूत (अॅपच्या आत वेबपाने दाखवणाऱ्या घटकात) बिघाड झाल्यावर जीमेलसह अनेक अॅप्स उघडताक्षणी बंद पडू लागली, हे अनेकांना आठवत असेल. मला तीन दिवस हवेत. पहिल्या दिवशी एका संगणकावर बसवून ठेवपावती, पासबुक, कर्जखाते आणि दिवसअखेरचा ताळा तपासायचा, मग उरलेल्या शाखांना द्यायचे. ही टाळाटाळ नव्हे, जबाबदारी घेऊन केलेला उशीर आहे.

उत्तररात्र

एरवीच्या त्रुटींसाठी तीन दिवस मला मान्य आहेत, मात्र तिसऱ्या दिवशी ब्राउझर सक्तीने पुन्हा सुरू होईल असे धोरण लावावे. क्रोममध्ये प्रशासकाला तशी सोय आहे, आणि पांदण यांनी दाखवलेली फट त्यानेच बुजते. ज्या त्रुटीवर हल्ले सुरू असल्याचे बनवणाराच जाहीर करतो, तिच्यासाठी मात्र एक दिवसही देता येणार नाही. तपासणी संपेपर्यंत काउंटरवरील ब्राउझरला पतसंस्थेच्या प्रणालीचा पत्ता तेवढा उघडू द्यावा आणि बाकी सर्व संकेतस्थळे धोरणानेच बंद ठेवावीत. पासबुके छापली जातील, आणि बाहेरचे एकही चित्र त्या यंत्रापर्यंत येणार नाही. हे तुमच्या शाखांत राबवता येईल का, ते सांगावे.